आधी कॉक कुठाय ते सांगा

शालनवहिनी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच प्यायला. साताऱ्याच्या त्या कॉलनीत राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. सामानाची खोकी हॉलमध्येच पडली होती. समोरच्या घरातून त्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या, खुर्चीच्या कडेला टेकल्या, मी कुठल्या शाळेत शिकवते ते त्यांनी विचारलं आणि मी सांगत असतानाच त्यांचं लक्ष उडालं. मान तिरपी करून त्या बाथरूमच्या दिशेनं ऐकायला लागल्या.

"बाई, तुमचा नळ गळतोय."

"हो, आलो तेव्हापासून गळतोय. घरमालक म्हणालेत, माणूस पाठवतो."

"कवा?"

ते मला माहीत नव्हतं.

"कॉक कुठाय तुमचा?"

तेही मला माहीत नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी स्वतःच्याच मुलाचं नाव विसरले होते. मग त्या उठल्या, आपल्या घरातून एक खाकी पिशवी घेऊन आल्या, मागच्या बोळात जाऊन भिंतीला लागून आलेल्या पाइपावरचा कॉक शोधला आणि बंद केला. नळ उघडून पाइपातलं उरलंसुरलं पाणी सोडून दिलं. पान्यानं नळाचं डोकं फिरवून आतली खराब झालेली रबरी चकती काढली, पिशवीतली दुसरी बसवली आणि सगळं परत जागच्या जागी केलं. मी टॉवेल घेऊन उभी होते. टॉवेलची गरज पडली नाही.

"घर भाड्यानं घेतलं की देवाची जागा नंतर बघायची," त्या हात पुसत म्हणाल्या. "आदी कॉक कुठाय ते बघायचं."

चहा गार झाला होता. दुसरा टाकते म्हटलं तर त्या दारापर्यंत पोचल्याही होत्या.

त्या गेल्याला आता वर्ष होत आलं. सांगलीत लेकीच्या घरी, सकाळच्या वेळी, हृदयविकारानं गेल्या. मला कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून त्यांच्याविषयी कुठेतरी लिहावं असं मनात होतं, पण त्यांना कागदावर एका जागी बसवायचं तरी कसं, या विचारानं मी थांबत होते. मी त्यांना निवांत बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

त्या मूळच्या कडेगावजवळच्या एका खेड्यातल्या. वडिलांचा ऊस, भाऊ फौजेत, नवराही फौजेत. लग्नानंतर मालकांची बदली सीमेवर झाली आणि त्या लहान मुलीला, रोहिणीला, घेऊन साताऱ्यात खोली करून राहिल्या. मुलीनं इंग्रजी शाळेत जावं असा त्यांचा हट्ट होता. त्या खोलीतला संडास एकदा तुंबला. माणूस आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. शेजारणीच्या दारात मुलीला घेऊन किती वेळा जायचं? एके दुपारी शेजारणीनं आपल्या संडासाला कुलूप लावलं.

"त्या कुलपाकडं बघत मी उभी राहिले," वहिनी मला सांगत होत्या. "पोरगी माझा पदर वडत होती. मालकांना फोन लावला, तर ते म्हणाले, बघतो. तितनं काय बघणार वो? तिकडं बर्फ हाय. मग मीच बांबूची लांब कामटी घेतली, फुडच्या टोकाला गोणपाट बांधलं आणि केलं मोकळं. वास मारत हुता. पण झालं. तवापासनं मी कुणाची वाट बघितली न्हाई."

हे सांगताना त्या बसल्या नव्हत्या. आमच्या सिंकखालचा पाइप हातानं चाचपत होत्या.

त्यांना हे काम कुणी शिकवलं नव्हतं. मोडलेला भाग रुमालात गुंडाळून त्या सरळ हार्डवेअरच्या दुकानात जायच्या आणि काउंटरवर ठेवायच्या. "आसलाच द्या." सुरुवातीला दुकानदार म्हणायचा, मालकांना पाठवा. वहिनी म्हणायच्या, "मालक सीमा संबाळत्यात. नळ मी संबाळते. द्या." गिऱ्हाईक म्हणून आलेल्या प्लंबरांना त्या भर दुकानात प्रश्न विचारायच्या. पांढरी टेप आट्यांवर कुठल्या बाजूनं गुंडाळायची, पाइप चिकटवल्यावर किती वेळ थांबायचं, टाकीचा फुगा वर आला तरी पाणी का थांबत नाही. काही जण सांगायचे, काही टाळायचे. टाळणाऱ्यांच्या मागे त्या रस्त्यापर्यंत जायच्या.

कॉलनीत त्यांचा एक प्रकारचा धाक होता. हळदीकुंकवाला आल्या तरी हात धुवायच्या निमित्तानं त्या आत जाऊन फ्लशची टाकी उघडून बघायच्या. काही बायकांना ते आवडत नसे. "माणसं भेटायला येतात की तपासणीला?" असं एक जण माझ्याकडे म्हणालीही. मी वहिनींना जरा आडून सुचवलं. त्या म्हणाल्या, "व्हय, मला कळतंय. पण पाण्याचा आवाज आला की मला त्येंचं बोलणं ऐकूच येत न्हाई."

त्यांचं काम नेहमी नीट व्हायचं असंही नाही. माझ्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ घट्ट फिरायला लागला होता. चालला असता तसाच, पण त्यांनी तो पाहिला. मी म्हटलं, वहिनी, परवा बघू, उद्या घरात माणसं आहेत. त्या म्हणाल्या, दोन मिनिटांचं काम. नळ भिंतीत गंजून बसला होता. त्यांनी मोठा पाना लावला, दोन्ही हातांनी जोर दिला आणि भिंतीच्या आत काहीतरी कट्कन वाजलं. नळ त्यांच्या हातात आला, पण त्याच्यामागच्या लोखंडी पाइपाचा तुकडा आतच मोडून राहिला होता.

भिंतीची फरशी फोडल्याशिवाय आता काही होणार नव्हतं. घराचं पाणी बंद. उद्या पंगत. मी रडकुंडीला येऊन ओट्याला टेकून उभी राहिले. वहिनींचा चेहरा उतरला होता, पण तो मी नीट पाहायच्या आत त्या बाहेर पडल्या. थोड्या वेळानं त्यांच्या अंगणात मोठी शेगडी पेटलेली दिसली. त्यांनी आमची पातेली, डाळी, तांदूळ स्वतः उचलून नेलं. दुसऱ्या दिवशीचा सगळा स्वयंपाक त्यांच्या घरी झाला, पंगतही त्यांच्याच पडवीत बसली. वाढलंही त्यांनीच. फरशीवाला येऊन गेल्यावर, नवीन नळ बसल्यावर, तो उघडून बंद करत त्या म्हणाल्या, "बाई, मी घाई केली." एवढंच. पण नंतर कितीतरी दिवस रोज संध्याकाळी येऊन त्या ती भिंत तळहातानं चाचपायच्या, कुठे ओल धरतेय का म्हणून.

मग सुभेदार निवृत्त होऊन घरी आले.

वहिनींचे यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि कॉलनीही त्यांना सुभेदारच म्हणायची. उंच, ताठ माणूस. पहाटे उठून अजिंक्यताऱ्याचा चढ चढून यायचे, नंतर दिवसभर काय करायचं ते त्यांना कळायचं नाही. अंगणातल्या कुंड्या त्यांनी एका रांगेत लावल्या. मग ती रांग मोडून दुसरी केली. घरात कुठली वस्तू कुठे आहे हे त्यांना विचारावं लागायचं आणि विचारायला लागणं त्यांना बोचायचं. इतकी वर्षं ते सुट्टीवर येत होते तेव्हा पाहुण्यासारखे राहिले होते. आता त्यांना घर चालवायचं होतं आणि घर त्यांच्यावाचून चाललेलं होतं.

एकदा वहिनी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या घरी निघाल्या होत्या. सुभेदार फाटकात उभे राहिले.

"कुठं?"

"त्येंचा शॉवर बंद पडलाय."

"प्लंबर मेलेत काय गावातले? लोक मला विचारतात, वहिनी आहेत का घरात. मी काय सांगू? बायको नळ दुरुस्त करायला गेलीय?"

"आवं, मग सांगा की. गेलीय म्हनून सांगा."

दुसऱ्या दिवशी ती खाकी पिशवी माळ्यावर गेली आणि माळ्याची शिडी शेजारच्या बांधकामावर. वहिनी भांडल्या नाहीत. मला तेच नवल वाटलं. त्यांनी फक्त अंगणात फेऱ्या मारायला सुरुवात केली. दुपारी शाळेतून यावं तर त्या फेऱ्या मारताहेत, संध्याकाळी दिवा लावायला बाहेर यावं तरी फेऱ्याच. घरात मोरीचा नळ गळत होता. त्यांना तो ऐकू येत होता, सुभेदारांना येत नव्हता. "भाईर बरं वाटतं," त्या म्हणायच्या. एकदा मी विचारलं, की त्यांना सरळ सांगत का नाही? त्या चालता चालताच म्हणाल्या, "बाई, आयुष्यभर हुकूम दिलेला मानूस हाय. आता कुणाला द्यायचा? माज्याशिवाय त्येला हाय कोन?"

हे फार दिवस चाललं नाही. सुभेदारांनी एका सकाळी गच्चीवरची टाकी धुवायची ठरवली. कडेला पाय देऊन वर चढताना त्यांचा बूट टाकीतून निघणाऱ्या पाइपावर पडला. पाइप टाकीच्या बुडाशीच मोडला. टाकी नुकतीच भरली होती, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. पाणी धो धो गच्चीवर, तिथून जिन्यानं खाली आणि जिन्याखाली वर्षाची ज्वारी भरून ठेवलेली. मी आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा सुभेदार गुडघ्यावर बसून दोन्ही तळव्यांनी ते भोक दाबत होते आणि पाणी त्यांच्या बोटांमधून चहूकडे उडत होतं.

वहिनी अंगणात होत्या. मला वाटलं त्या आता धावत वर जातील. त्या गेल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी ज्वारीची पोती मला धरायला लावून कोरड्यात ओढली, मग स्वयंपाकघरातून मक्याचं एक कणीस आणि जुना फडका आणला. कणसाला फडका गुंडाळला आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन थांबल्या.

"हात काढा."

"काढला तर सगळं जाईल."

"हातानं न्हाई थांबणार. काढा. टाकीचं झाकण उघडा आन् हे आतनं घाला. बुडाशी भोक लागंल हाताला. दाबून बसवा."

सुभेदारांनी वरून वाकून कणीस घेतलं. टाकीवर पालथे पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून ते चाचपडत राहिले. सापडत नव्हतं. वहिनी पायरीवरून शांतपणे सांगत होत्या, डावीकडं, आजून खाली, हां. मग एकदम पाण्याचा आवाज थांबला. गच्चीवरून खाली थेंब थेंब पडत राहिले, तेवढेच.

सुभेदार तसेच टाकीवर पडून होते. हातातलं घड्याळही भिजलं होतं. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "आता?"

"आता कायम थांबवायचं. मोडका तुकडा सोडवायचा, नवा बसवायचा. टाकी आदी रिकामी करायची." वहिनींनी ओला पदर पिळला. "सामान माळ्यावर हाय."

शिडी परत आणायला ते स्वतः गेले. त्या दिवशी दुपारपर्यंत गच्चीवर त्यांचं काम चालू होतं. करवतीनं पाइप कापला तो सुभेदारांनीच, आटे बसवले तेही त्यांनीच. वहिनींनी हत्याराला हात लावला नाही. नुसतं सांगत राहिल्या आणि सांगताना पायऱ्यांवर वरखाली करत राहिल्या, कारण न करता नुसतं बघणं त्यांना जमत नव्हतं. एकदा सुभेदारांनी टेप उलटी गुंडाळली. वहिनींनी ओठ आवळून धरले. चूक सुभेदारांना आपली आपणच कळली, त्यांनी सोडवून पुन्हा गुंडाळली.

संध्याकाळी मी गेले तेव्हा सुभेदार पिशवी हातात घेऊन दारात उभे होते. "ही कुठं असते?" त्यांनी बायकोला विचारलं.

"दाराच्या मागं."

त्यांनी ती दारामागच्या खिळ्याला अडकवली. मग मोरीत जाऊन म्हणाले, "शालन, हा नळ पण गळतोय वाटतं."

त्यानंतर कॉलनीत त्या दोघांना वेगवेगळं कुणी बोलावलं नाही. सुभेदार शिडी धरायचे, वरचं काम करायचे, आणि पाहिजे ते मिळेपर्यंत दुकानदाराशी इंग्रजीत हुज्जत घालायचे. त्यांच्याही चेहऱ्यावर घाई आली. जेवताना फोन आला तर आता दोघं उठायची.

रोहिणी लग्न होऊन सांगलीत गेली होती. घर नदीपासून फार लांब नाही, खालच्या मजल्याचं. त्या पावसात कृष्णेचं पाणी वाढत होतं आणि धरणातून आणखी सोडणार अशा बातम्या येत होत्या. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, जावई कामासाठी परगावी अडकलेले. रोहिणी फोनवर म्हणाली, आई, अजून रस्त्यावर पाणी नाही, काळजी करू नको. वहिनींनी फोन ठेवला आणि पिशवी उचलली. मिळाली ती एस.टी. धरून दोघं गेली.

पुढचं मला रोहिणीनं सांगितलं. आई घरात शिरली ती तिच्याशी बोलायलासुद्धा थांबली नाही, थेट संडासात गेली. भांड्यातलं पाणी मागं-पुढं हलत होतं, मधूनच बुडबुडे येत होते. "दारातनं यायच्या आदी ते हितनं येतंय," ती म्हणाली. सुभेदारांनी शेजारच्या बांधकामावरून वाळू आणली. दुधाच्या, किराणाच्या जेवढ्या पिशव्या होत्या त्यांत ती भरून आईनं भांड्यात, बाथरूमच्या जाळीवर, मोरीच्या तोंडावर दाबून बसवल्या, वर दगडी पाटा ठेवला. शेजारच्या घरांत थोड्याच वेळात गटाराचं काळं पाणी मोऱ्यांमधून वर आलं. रोहिणीच्या घरात आलं नाही. म्हणजे लगेच आलं नाही. दुपारनंतर ते दारातून आलंच आणि पुढं कंबरेपर्यंत चढलं. पण मधल्या त्या वेळात सुभेदारांनी आणि गल्लीतल्या दोघांनी सासूबाईंना गादीसकट उचलून पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नेलं. त्या अंथरुणावर कोरड्या पोचल्या.

पाणी ओसरल्यावर वहिनी लगेच साताऱ्याला परतल्या नाहीत. गल्लीतल्या प्रत्येक घरात जमिनीखालच्या टाक्या गाळानं भरल्या होत्या, पाइपांत चिखल बसला होता, नळातून नुसती हवा येत होती. त्या एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिल्या. टाकी उपसायची, घासायची, औषध टाकायचं, नळांची तोंडं काढून गाळ वाहू द्यायचा. मी फोन केला की मागे बादल्यांचा आवाज यायचा. "बोला बाई, पन लवकर बोला," त्या म्हणायच्या. सांगलीच्या लोकांना त्यांचं नावही नीट माहीत नव्हतं. साताऱ्याच्या मावशी म्हणायचे.

तिथेच त्यांची बोटं सुजायला लागली. त्यांना वाटलं, चिखलाचं असेल. डॉक्टर म्हणाले, हा सांध्यांचा आजार आधीपासूनच असणार, तुम्ही लक्ष दिलं नाहीत. औषधानं दुखणं कमी झालं, पण बोटं वाकडी होत गेली. पाना धरवेना, मग वाटीही धरवेना. रोहिणीनं दोघांना कायमचं सांगलीला नेलं आणि आमच्या समोरच्या घरात भाडेकरू आले.

त्या गेल्या त्याच्या थोडंच आधी एका लग्नासाठी मी सांगलीला गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. घर रंगवून नवं झालं होतं, फक्त भिंतीवर कंबरेइतक्या उंचीवर एक फिकट रेघ रंगाखालूनही दिसत होती. वहिनी खुर्चीत होत्या. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते, दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिल्यासारखे. मी काय विचारणार हे ओळखून त्या आधीच म्हणाल्या, "दुखतंय त्येचं काय न्हाई, बाई. पण बसून ऱ्हावं लागतंय."

सुभेदार आतून म्हणाले, "बसते कुठं? मला उठवते."

"तुमी एकदा सांगून आयकत न्हाई, मग?"

मी निघाले तेव्हा त्या सोडायला बाहेर आल्या. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. गल्लीत पाण्याची नवी लाइन टाकायला रस्ता खणला होता. चर खोल होता, माणसं आत उतरून काम करत होती. वहिनी माझ्या बरोबरीनं चालत, रोहिणीच्या सासूबाईंच्या तब्येतीबद्दल काहीतरी सांगत होत्या. बोलता बोलता त्यांचं वाक्य तुटलं.

"थांबा बाई, आले," त्या म्हणाल्या.

त्या चराच्या काठावर गेल्या. आत कुदळ मारणाऱ्या माणसाला त्यांनी थांबवलं. तिथं खाली कोपऱ्यावरच्या घराचं जुनं कनेक्शन आहे, आणखी वीतभर खोल गेलात तर फुटेल, असं काहीतरी त्या सांगत होत्या. तो माणूस वैतागून वर बघत होता. बोट सरळ होत नव्हतं म्हणून त्या कोपरापासूनचा अख्खा हात लांबवून दाखवत होत्या. सुभेदार घरातून चप्पल न घालताच आले आणि त्यांनी मागून बायकोचा दंड धरला. तिला मागे ओढायला नव्हे. ती आणखी वाकत होती म्हणून.

रिक्षावाल्यानं विचारलं, निघायचं का? मी थोडा वेळ थांबले. आतल्या माणसानं कुदळ बाजूला ठेवली आणि हातानं माती उकरायला सुरुवात केली. वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. मी हाक मारली नाही. रिक्षा वळेपर्यंत त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या आणि वहिनींचा तो लांबवलेला हात, इकडे, अजून जरा इकडे, असा हलत होता.